जमीन मालकाची, पाणी कुणाचे?

शिलाँगहून सिलचरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग जैंतिया टेकड्या उतरताना सोनापूरजवळ लुखा नदीला भेटतो. बराक खोरे, मिझोराम आणि त्रिपुरा या प्रदेशांना लागणाऱ्या मालाचा फार मोठा भाग याच रस्त्याने जातो. त्यामुळे लुखाचे दर्शन रोज असंख्य लोकांना घडते. पावसाळ्यात ती इतर कोणत्याही डोंगरी नदीसारखी गढूळ आणि बेफाम असते. हिवाळ्यात मात्र तिचे पाणी दौतीतल्या शाईची आठवण व्हावी इतके गडद निळे होते. नवखा प्रवासी हे दृश्य पाहून हरखून जातो आणि छायाचित्रे काढतो. काठावरच्या गावांतील माणसांना त्या रंगाचे कौतुक नाही. २००७ च्या सुमारास तो प्रथम लोकांच्या नजरेत भरला आणि त्याच सुमारास नदीत मेलेले मासे तरंगताना दिसू लागले. मासेमारीवर संसार चालविणाऱ्या कुटुंबांना त्यानंतर दुसरा उद्योग शोधावा लागला.

लुखाच्या या अवस्थेचे मूळ लुखात नाही. तिला वरच्या अंगाने येऊन मिळणाऱ्या लुनार नावाच्या लहानशा प्रवाहात ते आहे. मेघालयाच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाहणी केली तेव्हा बोट लुनारकडेच दाखविले गेले. नकाशात ही लुनार शोधावी लागते. महाराष्ट्रात असती तर तिला ओढा म्हणून सोडून दिले असते आणि ती कोणत्याही भूगोलाच्या पुस्तकात आली नसती. खासी आणि प्नार लोकांच्या बोलीत 'उम' म्हणजे पाणी. उमियाम, उमंगोट ही नावे पर्यटनामुळे दूरवर पोचली, परंतु 'उम'ने आरंभ होणारे कितीतरी प्रवाह असे आहेत की ज्यांचे नाव त्यांच्या काठच्या दोन गावांपलीकडे कोणाला ठाऊक नसते. कोळशाच्या खाणकामाचा पहिला आणि सर्वांत जबर फटका अशाच प्रवाहांना बसतो. मोठ्या नदीच्या पाण्याचा रंग पालटून वर्तमानपत्रात बातमी येते, तेव्हा वरचे ओढे मरून कित्येक वर्षे लोटलेली असतात.

येथे भूगोल थोडा समजून घेतला पाहिजे. जैंतिया टेकड्यांचा प्रदेश हा एक पठारवजा जलविभाजक आहे. त्याच्या उत्तर उतारावर पडलेले पावसाचे पाणी कोपिली नदीतून आसामात जाऊन ब्रह्मपुत्रेला मिळते. दक्षिण उतारावरचे पाणी मिंतडू आणि लुखा यांच्यावाटे बांगलादेशाच्या सखल प्रदेशात उतरते. बापुंग, लाड रिम्बाई, सुतंगा, ख्लेहरियात ही कोळशाची गावे याच माथ्याच्या प्रदेशात वसलेली आहेत. म्हणजे कोळसा नेमका अशा जागी आहे, की जेथून निघालेले पाणी एका बाजूने शेजारच्या राज्यात आणि दुसऱ्या बाजूने शेजारच्या देशात जाते. निसर्गाने पाण्याच्या उगमाशी कोळसा ठेवला हा योगायोग खरा. पण या योगायोगाची दखल खाणकामाला मुभा देणाऱ्यांनी कधी घेतली नाही.

कोळसा काढण्याची येथील पद्धत 'रॅट होल' या नावाने कुप्रसिद्ध झाली आहे. मराठी वृत्तपत्रे तिला उंदराच्या बिळांची उपमा देतात ती यथार्थ आहे. या भागातील कोळशाचे थर पातळ असतात. कित्येक ठिकाणी त्यांची जाडी एक मीटरही भरत नाही. डोंगराच्या कुशीत थर उघडा पडला असेल तर तेथूनच आडवे बीळ पाडीत आत जायचे. तो खोल असेल तर प्रथम विहिरीसारखा उभा खड्डा खणायचा आणि तळाशी थर लागला की चहूबाजूंना बिळे पाडायची. बिळाची उंची माणसाला उभे राहता येईल इतकीही नसते. मजूर गुडघ्यांवर किंवा उकिडवा बसून, हातात कुदळ आणि कपाळाला विजेरी बांधून आत सरकतो आणि ठेल्यात कोळसा भरून मागे ओढीत आणतो. हे मजूर बहुधा बाहेरचे असतात. कोणी गारो टेकड्यांच्या सखल भागातले, कोणी आसामचे, कोणी नेपाळहून आलेले. सुरक्षेची साधने, कामगारांची नोंद, भूमिगत नकाशा यांपैकी काहीच नसते. कोळसा संपला की खड्डा तसाच टाकून पुढच्या जागी नवा खणायचा, हा येथला रिवाज. राज्यभरातल्या अशा खाणींची संख्या सुमारे २४ हजार सांगितली गेली आहे. हिशेब ठेवण्याची पद्धतच नसल्यामुळे या आकड्याला एखाद-दोन हजारांनी मागेपुढे करण्यास भरपूर वाव आहे.

हे टाकून दिलेले खड्डेच या कथेतील मुख्य पात्र आहेत. मेघालयाचा कोळसा विदर्भातल्या कोळशाहून वयाने पुष्कळ लहान आहे आणि त्यात गंधकाचे प्रमाण दोन ते सात टक्क्यांपर्यंत असते. या गंधकाचा काही भाग लोहमाक्षिकाच्या, म्हणजे पायराइटच्या रूपात असतो. हा पिवळसर चमकणारा खनिज पदार्थ जमिनीच्या पोटात, हवेपासून दूर, लक्षावधी वर्षे निरुपद्रवी पडून राहू शकतो. खाण खोदली की त्याला हवा मिळते आणि पाणी मिळते. मग लोहमाक्षिकाचे विघटन होऊन गंधकाम्ल तयार होते आणि लोह पाण्यात विरघळते. काही विशिष्ट जिवाणू या क्रियेवरच जगतात आणि तिचा वेग कैक पटींनी वाढवितात. आम्ल झालेले पाणी पुढे खडकांतील ॲल्युमिनियम, मँगेनीज असे धातू विरघळवून बरोबर घेते. भारतातील अतिपावसाच्या प्रदेशांपैकी हा एक प्रदेश. येथे पाऊस वर्षातून कित्येक महिने बिळाबिळांतून झिरपत राहतो आणि प्रत्येक बीळ आम्ल तयार करणारा एक छोटा कारखाना बनतो. या कारखान्याला मालक नाही, मजूर नाही, वीज लागत नाही. त्याला टाळेही ठोकता येत नाही.

पाण्याची आम्लता 'सामू' या मापाने मोजतात, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. शुद्ध पाण्याचा सामू सात. तो एका अंकाने उतरला तर आम्लता दहा पट वाढते, तीन अंकांनी उतरला तर हजार पट. शिलाँगच्या ईशान्य पर्वतीय विद्यापीठातील संशोधकांनी खाणक्षेत्रातल्या ओढ्यांचे पाणी तपासले, तेव्हा काहींचा सामू तीनच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आढळला. हे पाणी जवळजवळ लिंबाच्या रसाच्या पंक्तीला बसते. सामू पाचाच्या खाली गेला की बहुतेक माशांची अंडी उबत नाहीत. पाण्यातले किडे आणि गोगलगायी त्याआधीच नाहीशा झालेल्या असतात. अशा ओढ्याचा तळ नारिंगी दिसतो, कारण पाण्यातले लोह गंजाच्या रूपाने दगडगोट्यांवर बसते. दोन टेकड्यांमधल्या सखल भागात भाताची खाचरे असतात. त्यांत हेच पाणी शिरते आणि पीक खुरटते. जेथे गावाचा ओढा गेला तेथे पिण्याच्या पाण्यासाठी दूरचा झरा गाठावा लागतो. हे काम कोणाच्या माथी येते हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

मग लुखा निळी का? वरच्या ओढ्यांत नारिंगी असलेले पाणी खाली येता येता लोह टाकून देते. पुढे चुनखडीचा प्रदेश लागतो. चुनखडीवरून आलेल्या पाण्याशी आम्लपाण्याची गाठ पडली की आम्लता घटते आणि विरघळलेले ॲल्युमिनियम अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने बाहेर पडते. हे कण आणि पाण्यातील सल्फेट यांच्यामुळे निळा रंग दिसतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. पावसाळ्यात प्रवाह मोठा असल्याने सारे पातळ होऊन जाते आणि हिवाळ्यात पाणी उतरले की रंग वर येतो. याच चुनखडीच्या पट्ट्यात लुमश्नोंग आणि थांगस्काई येथे सिमेंटचे कारखाने उभे राहिले आहेत. त्यामुळे दोष कोळशाचा किती आणि सिमेंटचा किती, असा वाद गेली काही वर्षे चालू आहे. वाद निरर्थक नाही. परंतु लुनारचे पाणी आम्लधर्मी आहे आणि सिमेंटच्या कारखान्यातून गंधकाम्ल वाहत नसते, एवढे ध्यानात ठेवले तर तो वाद मूळ प्रश्न टाळण्यासाठी किती वापरला जातो याचाही अंदाज येईल.

लुखा हे एक उदाहरण. जोवाई शहराला वळसा घालून वाहणाऱ्या मिंतडूला प्नार लोक आपली रक्षणकर्ती देवता मानतात. तिच्या खोऱ्यात लेश्का येथे १२६ मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प राज्य सरकारने उभारला आणि तेथेही आम्लपाण्याने यंत्रांची झीज होत असल्याची तक्रार पुढे आली. उत्तरेकडील कोपिलीवरचा केंद्र सरकारच्या कंपनीचा जलविद्युत प्रकल्प तर १९८० च्या दशकातला. त्याच्या आखणीच्या वेळी नदीचे पाणी पोलाद खाईल असे कोणाच्या मनातही आले नसेल. पण २००६-०७ पासून तेथील यंत्रांचे धातूचे भाग गंजू लागले आणि वारंवार बदलावे लागले. २०१९ च्या ऑक्टोबरात पाणी नेणारा महाकाय नळ फुटून विद्युतगृह जलमय झाले, त्यात कर्मचारी दगावले आणि प्रकल्प पुढे काही वर्षे बंद राहिला. या अपघाताला केवळ आम्लता जबाबदार धरणे घाईचे होईल. तथापि पाण्याने चालणारी झीज त्याआधी दशकाहून अधिक काळ सुरू होती, ही गोष्ट नाकारता येणार नाही. एका टेकडीवरच्या कोळशाने होणारी कमाई आणि दुसऱ्या टेकडीखालच्या विजेचे नुकसान एकाच वहीत लिहिण्याची पद्धत आपल्याकडे असती, तर हा व्यवहार कित्येक वर्षांपूर्वीच आतबट्ट्याचा ठरला असता.

या साऱ्याला वाचा फोडली ती मेघालयाने नव्हे, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. राष्ट्रीय हरित लवादापुढे दाद मागितली ती आसामच्या दिमा हसाओ जिल्ह्यातील दिमासा विद्यार्थ्यांच्या संघटनेने. त्यांची तक्रार सरळ होती. वरच्या राज्यात कोळसा खणला जातो आणि आमची कोपिली आंबट होते. याच सुमारास दुसरे एक प्रकरणही लवादापुढे होते. जुलै २०१२ मध्ये दक्षिण गारो टेकड्यांत नांगलबिब्राजवळ खाणीत पाणी घुसून १५ मजूर दगावले होते. अखेर १७ एप्रिल २०१४ रोजी लवादाने रॅट होल खाणकामावर बंदी घातली. विद्यार्थी संघटना म्हटली की मोर्चे, बंद आणि परीक्षा पुढे ढकलण्याच्या मागण्या डोळ्यांपुढे येतात. एका दूरच्या जिल्ह्यातील विद्यार्थ्यांनी नदीच्या पाण्यासाठी न्यायासनाकडे जावे आणि सर्वोच्च न्यायालयातील निवाड्याला त्यांच्या संघटनेचे नाव लागावे, हे प्रकरण महाविद्यालयांतून शिकवण्याजोगे आहे.

बंदीला मेघालयात विरोध झाला आणि तो निव्वळ धनिकांचा होता असे समजणे अन्यायाचे होईल. घटनेच्या सहाव्या अनुसूचीने या टेकड्यांतील आदिवासींना जमिनीविषयी विशेष संरक्षण दिले आहे. येथील जमीन सरकारची नाही. ती कुळांची, समाजाची किंवा व्यक्तींची आहे. १९७३ साली देशातील कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, परंतु त्याचा अंमल या टेकड्यांत कधी झाला नाही. जमीन आमची, तर तिच्या पोटातला कोळसाही आमचा, हा येथला युक्तिवाद. बाहेरच्या मोठ्या कंपन्यांनी आदिवासींच्या जमिनी गिळल्याची उदाहरणे देशभर डोळ्यांसमोर असताना या युक्तिवादामागची भीती खोटी म्हणता येत नाही. बंदीआधीच्या वर्षांत मेघालयात वर्षाला पन्नास लाख टनांहून अधिक कोळसा निघत होता. त्याच्या स्वामित्वधनावर राज्याच्या तिजोरीचा भार होता. मालमोटारींचे चालक, रस्त्याकडेच्या खाणावळी, वजनकाट्यांवरचे कारकून यांची पोटे त्याच्यावर होती. बंदीने यांतील कित्येकांचा रोजगार गेला आणि त्यांच्यासाठी पर्यायी कामाची व्यवस्था कोणी केली नाही.

परंतु या युक्तिवादाची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. जमीन कुळाची असते, समाजाची असते, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात कोळशाच्या भावाने पूर्वीच्या कित्येक सामुदायिक जमिनी हळूहळू खासगी झाल्या आणि खाणींचे धनी मूठभर राहिले. ज्या परंपरेच्या नावाने मालकी सांगितली जाते, त्याच परंपरेत नदी ही देवता आहे आणि गावाचा झरा सगळ्यांचा आहे. परंपरेतील जमिनीचा हक्क तेवढा उचलावा आणि पाण्याचे बंधन सोडून द्यावे, हे परंपरेचे रक्षण नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने ३ जुलै २०१९ रोजी दिलेल्या निकालात मालकीचा प्रश्न तोलून सोडविला. जमिनीखालील खनिजावर आदिवासी मालकाचा हक्क न्यायालयाने मान्य केला. मात्र ते खनिज काढायचे तर १९५७ च्या खाण व खनिज कायद्याप्रमाणे रीतसर खाणपट्टा आणि पर्यावरणविषयक परवानगी घेतलीच पाहिजे, असे बजावले. निकाल न्याय्य आहे. तरी त्यात एक गोष्ट बसू शकली नाही, कारण ती आपल्या कायद्यांतच नाही. खाणपट्टा हेक्टरांत मोजला जातो आणि त्याच्या सीमेवर खुंट्या ठोकता येतात. पाणलोट क्षेत्राला अशा खुंट्या चालत नाहीत. एका लहान ओढ्याच्या पाणलोटात दहा मालकांचे दहा पट्टे असले आणि प्रत्येक पट्टा कागदोपत्री निर्दोष असला, तरी ओढ्याला मिळते ती दहांची बेरीज. ही बेरीज करण्याची जबाबदारी आज कोणत्याही एका कचेरीवर नाही.

न्यायालयात हे सारे चालू असताना १३ डिसेंबर २०१८ रोजी पूर्व जैंतिया टेकड्यांत क्सान येथे ओढ्यानेच आपला जबाब नोंदविला. बंदी असूनही चालू असलेल्या, सुमारे ३७० फूट खोल खाणीत जवळच्या लिटेन नदीचे पाणी घुसले आणि १५ मजूर आत अडकले. त्यांत तिघे जवळच्या गावचे होते, बहुतेक इतर पश्चिम गारो टेकड्यांतले. नौदलाचे पाणबुडे आले, ओडिशाहून अग्निशमन दल आले, कोल इंडियाचे आणि किर्लोस्करांचे पंप आले. पंप रात्रंदिवस चालूनही पाण्याची पातळी पुरेशी उतरेना. कारण ही खाण एकटी नव्हती. आजूबाजूच्या टाकून दिलेल्या खाणींची बिळे एकमेकींत मिसळलेली होती आणि कोणत्या बिळातून पाणी येते हे सांगणारा नकाशा कोणापाशीच नव्हता. कित्येक आठवड्यांनंतर दोन मृतदेह वर काढता आले. बाकीचे तेरा आतच राहिले. पुढे मे २०२१ मध्ये त्याच जिल्ह्यात उम्प्लेंग येथे अशाच खाणीत पाणी भरून पाच मजूर अडकले आणि मेले. खाणीतून ओढ्यात उतरणारे आम्ल आणि ओढ्यातून खाणीत घुसणारा पूर ही एकाच पाण्याची दोन रूपे आहेत. ओढा कोठून वाहतो याकडे ज्याने पाहिले नाही, त्याने मजूर कोठे उतरतो याकडेही पाहिलेले नसते.

बंदीनंतरही खाणकाम चोरून चालूच राहिले. काढून ठेवलेला कोळसा वाहून नेण्यास वेळोवेळी मुदती मिळाल्या आणि हा 'जुना' कोळसा वर्षानुवर्षे संपता संपेना. न्यायमूर्ती काटके यांच्या समितीने याविषयी एकामागून एक अहवाल दिले आहेत. परंतु क्षणभर असे धरून चालू, की बंदी अक्षरशः पाळली गेली. तरी लुनारला त्याचा तत्काळ लाभ झाला नसता. बिळांत हवा आहे, पाणी आहे आणि लोहमाक्षिक आहे, तोवर आम्ल तयार होतच राहते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात कैक दशकांपूर्वी, काही ठिकाणी तर शतकापूर्वी बंद पडलेल्या कोळसा खाणींच्या पाण्याने आजही पाच हजार मैलांहून अधिक लांबीचे ओढे नासलेले आहेत. तेथे १९७७ साली कायदा होऊन सोडून दिलेल्या खाणींच्या दुरुस्तीसाठी प्रत्येक टन कोळशामागे कर बसविण्यात आला. उघड्या खाणीतील कोळशावर टनाला ३५ सेंट, भूमिगत खाणीतील कोळशावर १५ सेंट. हा कर चार दशके गोळा होऊनही पुरला नाही आणि २०२१ साली अमेरिकी सरकारला याच कामासाठी आणखी ११.३ अब्ज डॉलरची तरतूद करावी लागली. श्रीमंत देशाचा हा अनुभव आहे.

हे वाचताना चंद्रपूर आणि वणीकडच्या वाचकाच्या मनात साहजिकच आपल्या खाणींचा विचार येईल. तेथील कोळसा गोंडवन काळातला असून त्यात गंधक सामान्यतः एक टक्क्याहून कमी असते. त्यामुळे लुनारसारखे आम्ल तेथे सहसा वाहत नाही. म्हणून वर्धा खोऱ्यातले नाले सुखात आहेत असे मात्र नव्हे. त्यांचे मरण वेगळ्या रीतीचे आहे. उघड्या खाणीसाठी वरची माती आणि दगड काढून त्यांचे डोंगर रचले जातात आणि पावसात ते धुपून इरईसारख्या नदीचे पात्र उथळ करतात. खाण कोरडी ठेवण्यासाठी भूजल रात्रंदिवस उपसले जाते आणि भोवतालच्या विहिरी खाली जातात. नाला आडवा आला तर त्याला सरळ कालव्यासारखे वळवून दिले जाते. चंद्रपुरात महाकालीच्या चैत्र यात्रेला आलेले भाविक ज्या झरपटीत स्नान करतात, तिच्याविषयीची कथा अशी की तिच्या पाण्याने खांडक्या बल्लाळशहा या गोंड राजाची व्याधी बरी झाली. आज शहराचे सांडपाणी वाहणाऱ्या त्या झरपटीच्या पाण्याला तसे औषध कोणी म्हणणार नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील औद्योगिक क्षेत्रांची प्रदूषणाच्या निकषांवर क्रमवारी लावली, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांनी देशात चौथे आले होते. या गुणांत हवा, पाणी आणि जमीन तिन्ही होती. खाणींच्या खाली दबलेल्या नाल्यांची स्वतंत्र गणना त्यात नव्हती.

लुनारवर उपाय नाही असे मानण्याचे कारण नाही. आम्लपाणी चुनखडीच्या चरांतून नेणे, लोह खाली बसण्यासाठी तळी करणे, पुढे दलदलीच्या वनस्पतींमधून पाणी सावकाश वाहू देणे या रीती अन्यत्र वापरात आहेत. चुनखडीवर लोहाचे पुट बसून ती निकामी होते, तेव्हा ती बदलावी लागते. तळ्यातला गाळ उपसावा लागतो. एकदा फीत कापून भागत नाही, कायमची देखभाल लागते आणि सरकारी कामांत हीच गोष्ट दुर्मीळ आहे. चुनखडी तर या टेकड्यांत विपुल आहे. सिमेंटच्या कारखान्यांसाठी ती रोज मालमोटारी भरभरून निघते. पैसाही सर्वस्वी नाही असे नव्हे. लवादाच्या आदेशाने कोळशाच्या किमतीच्या दहा टक्के रक्कम घेऊन पर्यावरणाच्या पुनःस्थापनेसाठी निधी उभारण्यात आला. २०१९ च्या जानेवारीत लवादाने राज्याला केलेला १०० कोटी रुपयांचा दंड याच निधीतून केंद्रीय मंडळाकडे वर्ग करून तो पर्यावरणाच्या कामी लावावा, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. लुखाच्या पाण्यावर शेवाळाच्या साहाय्याने शुद्धीकरणाचा लहान प्रयोगही राज्याने करून पाहिला. पण तो खालच्या नदीत. आम्ल उगम पावते ते वर, बिळांच्या तोंडाशी. तेथे एकेका ओढ्याचे पाणलोट हाती घेऊन, त्यातले सारे उघडे खड्डे मोजून, भरण्याजोगे भरून आणि पाणी वळवण्याजोगे वळवून काम करावे लागेल.

२०२५ साली पूर्व जैंतिया टेकड्यांत परवानाधारक, 'शास्त्रीय' पद्धतीच्या कोळसा खाणीला समारंभपूर्वक आरंभ झाला. रॅट होलच्या मानाने ही प्रगती आहे यात शंका नाही. निदान मजुराचे नाव कोठेतरी लिहिलेले असेल आणि खाणीचा नकाशा असेल. या खाणींना पर्यावरणविषयक परवानग्या आहेत. खाण बंद करण्याचे आराखडे त्यांना करावे लागतात आणि त्यासाठी पैसे ठेवावे लागतात. मात्र प्रत्येक आराखडा त्या त्या पट्ट्यापुरता आहे. पट्ट्याच्या खुंट्यांबाहेर, त्याच पाणलोटात, पूर्वीच्या चाळीस वर्षांत खणून सोडलेल्या बिळांची नोंद त्या आराखड्यात करावी लागत नाही. नव्या खाणीचे शुद्ध केलेले पाणी जेथे सोडले जाईल, त्या ओढ्यात वरून जुन्या खड्ड्यांचे आम्ल उतरत असेल. पुढे कोपिली पुन्हा आंबट झाली आणि दिमा हसाओचे विद्यार्थी पुन्हा न्यायासनापुढे उभे राहिले, तर नवा पट्टेदार आपले कागद दाखवील, जुना मालक सापडणार नाही आणि राज्य सरकार सहाव्या अनुसूचीकडे बोट दाखवील.